नागीण गेली आणि एकाचे दोन दिसू लागले

वाचकाचं पत्र (थोडं आखडून):

मी 64 वर्षांचा, राहणार कोपरी, ठाणे पूर्व. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये 31 वर्षं काढली, आता घरीच असतो. अनंत चतुर्दशीनंतर पाचव्या दिवशी डाव्या कपाळाची आग सुरू झाली आणि मग फोड उठले. भुवईवर, पापणीवर आणि दोन नाकाच्या शेंड्यावर. घरच्यांनी लगेच नागीण ओळखली. चार दिवस दुर्वा-तांदळाचा लेप लावला. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या. खपल्या पडल्या. सुटलो म्हणतोय तोच कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दोन चंद्र दिसले, शेजारी शेजारी. कुठलाही एक डोळा झाकला की एकच दिसतो. लांबचं आणि डावीकडचं जास्त फाकतं, पेपर वाचताना फारसं जाणवत नाही. डावी पापणी अर्धी मिटलेली राहते. डोक्याची ठणक आहे, त्यावर नसांची गोळी चालू आहे. डोळा लाल झाला म्हणून बायकोचे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधले उरलेले थेंब चार दिवस घातले. दोन दिसतात हे मी घरी बोललेलो नाही. स्कूटर एक डोळा मिटून चालवतो. मेव्हणी म्हणते, नागीण पुरती उतरली नाही, आत वळली. एकाकडे नेऊन उतरवून घ्या. हा लकवा आहे का? डोळा सरळ होईल का? आणि मुलगी सातव्या महिन्यात आहे, दिवाळीला येतेय. तिला येऊ द्यावं का?

उत्तर:

स्कूटरची किल्ली आज रात्री बायकोच्या हातात द्या. म्हणजे दोन दिसतात हे तिला सांगावंच लागेल, आणि मला तेच हवं आहे.

डावा डोळा मिटला की दोनचा एक होतो, हे खरं. पण त्याबरोबर डाव्या बाजूचा एक तुकडा नजरेतून जातो, आणि समोरची गाडी किती लांब आहे याचा अंदाजही कच्चा होतो. कोपरीच्या पुलावर डावीकडून घुसणाऱ्या रिक्षा तुमच्या आमच्या डोळ्यांची कदर करत नाहीत. जांभळी नाक्याच्या मंडईत जायचं असेल तर रिक्षाने जा. स्टेशनच्या जिन्यावरून उतरताना कठडा धरा, आणि लोकलमधून उतरताना पायाखालची फट बघून उतरा. तुमच्या वयाला पडणं हे दोन चंद्रांपेक्षा महाग पडतं.

आता तुमच्या पत्राबद्दल. टूलरूमचा माणूस लिहितोय हे लगेच कळलं. बहुतेक लोक नुसतं ‘दिसण्यात गडबड आहे’ म्हणतात. तुम्ही कुठल्या दिशेला फाकतं, किती लांबवर फाकतं, डोळा झाकल्यावर काय होतं, सगळं लिहिलंत. एका डोळ्याचाच दोष असता, म्हणजे मोतीबिंदू, कोरडेपणा, बुबुळावरचा डाग, तर दुसरा झाकूनही त्या डोळ्याला दोन दिसत राहिले असते. कुठलाही एक झाकला की एकच दिसतं, याचा अर्थ दोन डोळे एका रेषेत नाहीत. तसं झालं की डोळा हलवणाऱ्या स्नायूंकडे किंवा त्यांच्या नसांकडे पाहायचं असतं.

प्रत्येक डोळ्याला हलवायला सहा स्नायू असतात आणि त्यांना तीन नसा चालवतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांचे क्रमांक ठरलेले आहेत, त्यातल्या या तिसरी, चौथी आणि सहावी. तिसरी चार स्नायू सांभाळते, वर पापणीही उचलते आणि बाहुली लहान करते. चौथीकडे एकच स्नायू. ती दुखावली की वर-खाली दोन दिसतात, आणि माणूस जिना उतरताना चाचपडतो. सहावीकडेही एकच स्नायू, डोळा बाहेर, कानाच्या दिशेने नेणारा. तुमची दोन चित्रं शेजारी शेजारी आहेत आणि डावीकडे बघितलं की जास्त फाकतात, कारण डावा डोळा बाहेर पुरता जात नाही. लांब बघताना फाकतात, पेपरला नाही, कारण जवळचं वाचायला दोन्ही डोळे तसेही नाकाकडेच वळतात. तिथे त्या स्नायूला फारसं कामच नसतं. पत्रावरून निदान करू नये, हे मला ठाऊक आहे. तरी पैज लावायची झाली तर मी सहाव्या नसेवर लावीन. हल्ली मान थोडी डावीकडे वळवून टीव्ही बघता का? घरी कोणी ‘सरळ बसा की’ म्हणून टोकलं असेल, तर तोही त्याच बाजूचा पुरावा.

पापणीचं मात्र मला ठरवता येत नाही. फोडांनी सुजून जाड झालेली पापणी काही आठवडे नुसत्या वजनानेही खाली राहते. पण तिसरी नसही दुखावली असेल तर पापणी पडते. फरक बाहुली बघून आणि डोळा आत-वर-खाली फिरवून कळतो, आणि ते समोर बसल्याशिवाय होत नाही.

तुम्ही विचाराल, नागीण तर कातडीची. तिचा डोळा फिरवण्याशी काय संबंध? लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो नसांच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये दडी मारून बसतो, कित्येक वर्षं. वय वाढलं, मधुमेह झाला, एखादं मोठं आजारपण आलं, प्रतिकारशक्ती कमी पडली की कधीतरी तो एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. तुमच्या बाबतीत ती वाट पाचव्या नसेच्या वरच्या फांदीची: कपाळ, भुवई, वरची पापणी आणि नाकाचा शेंडा. म्हणूनच तुमचे फोड कपाळाच्या मधोमध पट्टी लावून आखल्यासारखे थांबले असतील. नागिणीचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस संपतो, असं आपल्याकडे म्हणतात. ती बिचारी बहुधा मधली रेषाच ओलांडत नाही, कारण नस उजवी वेगळी आणि डावी वेगळी.

नाकाच्या शेंड्यावरचे दोन फोड तुम्ही जाता जाता लिहिलेत. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. शेंड्याला जी बारीक फांदी जाते तीच डोळ्याच्या आतही जाते. म्हणून शेंड्यावर फोड दिसला की डोळ्यालाही लागण होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. एकोणिसाव्या शतकात जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने हे टिपून ठेवलं आणि ती खूण आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. शेंड्यावर फोड आला त्या दिवशीच तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. गेलं ते गेलं. तुमच्याच वाड्यात, सोसायटीत उद्या कोणाला असा फोड उठला तर त्याला हे सांगा, आणि लेपात चार दिवस घालवू देऊ नका. तुम्हाला दिल्या तशा विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगी. डोळ्याजवळ असेल तर उशीर झाला तरी देतात, म्हणजे तुमच्या गोळ्या वाया गेल्या नाहीत.

दुखणं पाचव्या नसेचं, मग सहावी कशी आडवी झाली? सोसायटीच्या जिन्याशेजारचा डक्ट आठवा. त्यातून लाइटची, केबलची, इंटरनेटची वायर एकमेकींना खेटून वर जाते. एकीने पेट घेतला की शेजारणीचं रबर होरपळतं. डोळ्याच्या मागे नेमका असाच एक डक्ट आहे: पाचवीची वरची फांदी, तिसरी, चौथी आणि सहावी तिथून जवळजवळ हातात हात घालून जातात आणि एकाच फटीतून डोळ्याच्या खोबणीत शिरतात. पाचवीची सूज शेजारच्यांपर्यंत पोचते, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही सुजतात. हे व्हायला वेळ लागतो. फोडांनंतर एका आठवड्यापासून महिन्याभरात कधीही दोन दिसायला लागतात, म्हणजे बहुधा कातडी बरी होऊन माणूस निर्धास्त झाल्यावर. तुमचा चंद्र जवळजवळ साडेतीन आठवड्यांनी दुभंगला. हिशेबात बसतं.

म्हणून मेव्हणीबाईंना हसू नका. ‘आत वळली’ हे त्यांचं वर्णन खोटं नाही, बरंचसं खरंच आहे. पुढचा भाग चुकतो. उतरवणाऱ्याचा लौकिक टिकतो त्याचं कारण साधं आहे: फोड दोन ते चार आठवड्यांत आपले आपण सुकतात, आणि माणूस त्या वेळी ज्याच्या दारात असतो त्याला श्रेय मिळतं. मेव्हणीबाईंना नाराज करायचं नसेल तर उतरवणाऱ्यापुढे नारळ ठेवून या. कपाळावर आणि डोळ्यावर मात्र काव, गेरू, अंगारा काही लावून घेऊ नका.

हा लकवा का? एका अर्थी हो, एका स्नायूचा. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो, मेंदूच्या झटक्याचा, नव्हे. पण एक गोष्ट मी लपवणार नाही. डोळ्याभोवतीच्या नागिणीनंतरचे काही आठवडे ते काही महिने मेंदूच्या झटक्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, कारण हा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही सुजवू शकतो. रक्तदाब आणि साखर एरवी चालढकल करून बघता, ती या दिवसांत करू नका. आणि बायकोला हेही सांगून ठेवा: तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा वाटला, ताप येऊन माणूस बरळायला लागला, कधी नव्हे इतकं डोकं दुखून उलटी झाली, नजर एकदम कमी झाली, किंवा डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी दिसली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

त्या उरलेल्या थेंबांवर मी खरं तर रागावणार होते. मोतीबिंदूनंतरच्या थेंबांमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. नागिणीत स्टिरॉइडचे थेंब आम्हीही देतो, पण डोळा यंत्राखाली बघून, दाब मोजून, दिवस मोजून. बुबुळावर जखम असताना तेच थेंब पडले तर जखम खोल जाते, आणि डोळ्यातला दाबही चढू शकतो. आणखी घालू नका. बाटली टाकूनही देऊ नका, ती खिशात घालून डॉक्टरांकडे न्या, म्हणजे काय पडलं ते त्यांना कळेल.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जायचं, आणि डोळा अजून लाल असेल किंवा दुखत असेल तर उद्याच. नुसतं चष्म्याचा नंबर काढणाऱ्यांकडे नको. त्यांच्याकडे काय काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे एखादी तपासणी राहिली तर तुम्हीच आठवण करून द्याल. दोन्ही बाहुल्यांवर टॉर्च मारतील. नऊ दिशांना डोळे फिरवायला लावतील. बुबुळावर पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात जखम शोधतील. रंग टाकण्याआधी, आणि सुन्न करणारे थेंब टाकण्याआधी, कापसाच्या टोकाने बुबुळाला हलकासा स्पर्श करून जाणीव किती आहे ते बघतील. हे घाईत राहून जातं आणि नागिणीत ते फार महत्त्वाचं आहे. मग दाब, आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा. रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला सांगतील, कारण मधुमेहातही नेमकी अशीच एखादी नस आडवी होते, आणि तुमच्या वयात दोन्ही कारणं एकाच घरात नांदू शकतात. तुमच्या बाबतीत पापणीचाही प्रश्न आहे, डोकंही दुखतंय, तेव्हा मेंदूचा आणि डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय काढायला सांगितलं तर खर्चाकडे बघून टाळू नका. नसांच्या डॉक्टरांचाही सल्ला लागेल. खासगीतलं परवडत नसेल तर कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला एका स्टेशनवर आहे, जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सकाळी लवकर जा.

पोटातून स्टिरॉइड द्यायचं का, विषाणूवरच्या गोळ्या लांबवायच्या का, हे तिथेच ठरू द्या. साखर आणि किडनी बघितल्याशिवाय दोन्ही ठरवता येत नाही. आणि ती जी नसांची गोळी तुम्ही घेताय तिचं नाव लिहिलेलं नाहीत. प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा कार्बामाझेपिन असेल, तर या गोळ्यांनीसुद्धा कधी चक्कर येते, कधी दोन दिसतात. एकाच दिशेला फाकणारं तुमचं दिसणं गोळीचं वाटत नाही, पण डॉक्टरांना नाव सांगा. मनानेच एकदम बंद मात्र करू नका.

तोवर दोनचा एक कसा करायचा? काळी पट्टी नको. तुमची कातडी अजून हळवी आहे, आणि पट्टीखाली पापणी अर्धवट उघडी राहून बुबुळ घासलं तर जखम होते. चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी रंगाची चिकटपट्टी लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. उजेड येतो, चित्र येत नाही, डोळ्याला काही टोचत नाही आणि खर्च चहाच्या कपाएवढा. डोळा झाकला तर तो आळशी होईल अशी भीती नको. ते लहान मुलांचं, 64 व्या वर्षी तसं होत नाही. पुढे एका कोनात स्थिरावलं तर चष्म्याच्या काचेवर प्रिझमचा पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवता येतो. तो प्रकाश वाकवून दोन चित्रं एकावर एक आणतो, आणि कोन बदलला की सोलून दुसरा लावायचा. तुमच्यासारख्याला तो नक्की आवडेल.

दिवाळीबद्दल एक. पाचवी नस दुखावली की बुबुळाची जाणीव बधिर होते. कण गेला तरी टोचत नाही, माणूस चोळत बसतो आणि जखम होते ती दिसेनाशी झाल्यावर कळते. तेव्हा पहिल्या आंघोळीला उटणं मानेखाली. अनारशाच्या तळणीसमोर आणि नातवंडांच्या फुलबाज्यांसमोर चष्मा घालून. डॉक्टरांनी कोरडेपणाचे थेंब दिले तर डोळा बरा वाटला तरी ते वेळेवर घालत राहा, कारण या डोळ्याच्या ‘बरं वाटण्या’वर सध्या भरवसा नाही.

लेकीला खुशाल येऊ द्या. नागीण दुसऱ्याला नागीण देत नाही. ज्याला कधीच कांजिण्या आल्या नाहीत त्याला ती कांजिण्या देऊ शकते, तीही फोडांमधल्या पाण्यातून. खपल्या सुकल्या की संपलं, आणि तुमच्या तर पडूनही गेल्या. तिला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे तिच्या आईला विचारा. आल्या नसतील तर तिने आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं, एवढंच. माहेरपण थांबवू नका.

राहिला मोठा प्रश्न, डोळा सरळ होईल का. बहुतेकांचा होतो. काही आठवड्यांत नाही तर काही महिन्यांत, थोड्यांना वर्षाच्या आसपास लागतं, आणि थोड्यांच्यात थोडा तिरकेपणा राहून जातो. नस कणाकणाने सावरते, रोज आरशात बघून फरक दिसणार नाही. शस्त्रक्रियेचा विचार किमान सहा महिने थांबून, आणि कोन हलायचा थांबल्यावरच करतात. त्याआधी कोणी घाईने टेबलावर घ्यायला निघालं तर दुसरं मत घ्या. नागिणीवरची लस 2023 पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांना, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. तुमचं दुखणं निवल्यावर डॉक्टरांना विचारा, पण बायकोसाठी आत्ताच विचारा.

रोजच्या आरशाऐवजी एक काम देते. बायकोची लाल टिकली हॉलच्या भिंतीवर, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला लावा. तीन मीटरवर खुर्ची ठेवा आणि पायांपाशी फरशीवर खडूने खूण करा, म्हणजे जागा हलणार नाही. चिकटपट्टी नसलेला चष्मा घाला. नाक सरळ टिकलीकडे, मान वळवायची नाही. दोन टिकल्या दिसतील. बायकोने भिंतीवर पेन्सिल सरकवत न्यायची, दुसऱ्या टिकलीपाशी आली की तुम्ही ‘थांब’ म्हणायचं, आणि मग पट्टीने मधलं अंतर मोजायचं. दर रविवारी, त्याच वेळी, एका वहीत, तारीख आणि मिलिमीटर. अंतर वाढत गेलं किंवा टिकल्या वर-खाली व्हायला लागल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन डॉक्टरांकडे. कमी होत गेलं तर पहिले चार आकडे मला लिहून पाठवा. पेन्सिल धरणाऱ्या व्यक्तीला आधी सगळं सांगावं लागेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.